पाव्हण्याचा चौथा भाग

पाण्याची मोटार दुरुस्तीला घेऊन काका जालन्याला गेले आणि येताना मोटारीसोबत व्हिडिओ गेमचं एक खोकंही घेऊन आले. मी सहावीत होते. वाटूरमध्ये तेव्हा असलं खोकं दुसऱ्या कुणाच्या घरी असल्याचं मला आठवत नाही. काकांचं वय पस्तिशीच्या पुढचं, बारा एकराचा कारभार अंगावर, आणि तरी टीव्हीला वायर जोडताना त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा लहान दिसत होता.

खोक्यासोबत तीन कॅसेटी होत्या. तिन्ही एकाच खेळाचे भाग. निळी टोपी घातलेला, हातात आखूड भाला घेतलेला एक माणूस जंगलं, गुहा, बर्फाचे डोंगर ओलांडत जायचा. वाटेत भुतं, उडते मासे, दगडाचे राक्षस. दिसेल त्या घरात तो न विचारता शिरायचा, म्हणून काकांनी त्याला पाव्हणा म्हणायला सुरुवात केली. खरं नाव आम्ही कधी वाचलंच नाही.

खेळ बंद करताना पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक ओळ यायची. दुसऱ्या दिवशी तीच ओळ भरली की पाव्हणा होता तिथून पुढे निघायचा. काकांना इंग्रजी येत नव्हतं. ते ती अक्षरं रांगोळीची नक्षी उतरवावी तशी खडूनं कपाटाच्या दारावर उतरवून ठेवायचे. कपाट पुसायला गेलेल्या काकूला एकदा त्यांनी इतक्या जोरात थांबवलं, की तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

सातवीच्या दिवाळीपर्यंत आमचे तिन्ही भाग संपले. तिसऱ्याच्या शेवटी पाव्हणा काळ्या राजाच्या किल्ल्यापाशी पोचतो, खंदकावरचा पूल वर उचलला जातो, आणि पडदा काळा होतो. मग इंग्रजीत दोन ओळी. मी शब्दकोश घेऊन बसले आणि काकांना अर्थ सांगितला, "प्रवास अजून संपलेला नाही. शेवटच्या भागात भेटू."

त्यानंतर जालन्याची प्रत्येक खेप त्या दुकानावरून व्हायला लागली. दुकानदार म्हणायचा, "येऊन राह्यला, पुढच्या लॉटमधी." असे चार लॉट गेले. पाचव्या वेळी मी काकांसोबत होते. दुकानदारानं मान हलवली. "तो खेळ बनवणारेच बंद पडले म्हणं. चौथा काही यायचा न्हाई आता."

 वाटूर फाट्यावर एसटीतून उतरल्यावर काका म्हणाले, "बंद पडले म्हंजी? मंग त्यो पाव्हणा काय तसाच उभा राहणार का खंदकाजवळ?"

"आपण बनवू ना चौथा," मी म्हणाले. मला त्यात अवघड काहीच वाटलं नव्हतं. तिन्ही भाग मला तोंडपाठ होते. कोणत्या गुहेत काय दडवायचं हे बनवणाऱ्यांना कळत असेल, तर मलाही कळत होतं.

काकांना मात्र वेळ नव्हता. तो त्यांना उन्हाळ्यात मिळाला, कडब्याच्या गंजीवरून घसरून पाय मोडला तेव्हा. सहा आठवडे प्लास्टर. माझ्या परीक्षा संपल्या होत्या. मी जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून त्यांच्या बाजेवर पसरली आणि आम्ही कामाला लागलो.

काका नियमाला कडक. चिंचोके म्हणजे जीव, आणि ते तीनच. फासा म्हणून सहा कवड्या; जितक्या जास्त उताण्या, तितकं काम फत्ते. पूल वर गेलेला, म्हणून पाव्हण्यानं लांबचा वळसा घालून परत खंदकाशी यायचं ठरलं. मी एका पानावर उलट्या वाहणाऱ्या नदीचं राज्य काढलं. काकांनी सात तोंडांची विहीर काढली. तिच्यात चुकीच्या पायरीवर पाय पडला की एक जीव जाणार आणि माणूस पहिल्या गावात परत. पंधरा दिवसांत आम्ही खंदकापर्यंत पोचलो आणि तिथं आमचं भांडण झालं.

"शेवटचा भाग आहे," काका म्हणाले. "पाव्हण्यानं राजाला मारायचं आन् आपणबी मरायचं. त्याबिगर शेवट होत न्हाई."

"तो मरणार नाही."

"मंग पाचवा भाग मागशील तू!"

मी पेन्सिल टाकून उठले. तीन दिवस त्यांच्या खोलीत गेले नाही. चौथ्या दिवशी काकू कुरड्या वाळत घालून आत आली, पदराला हात पुसले आणि आम्हा दोघांना बोलावून म्हणाली, "मला खेळू द्या. तुम्ही दोघं नुसते भांडून राह्यले. कसं संपतं ते खेळल्याबिगर कसं कळंल?"

काकूनं टीव्हीवरचा खेळ कधी हातात घेतला नव्हता. मी यंत्र झाले, म्हणजे पडद्यावर काय दिसतं ते सांगायचं काम माझं. काका पंच. विहिरीत काकूचे दोन चिंचोके पटापट गेले आणि काका खूष झाले. तिसरा जीव घेऊन ती खंदकापाशी आली.

"पूल वर आहे," मी म्हणाले. "खाली पाणी, पाण्यात मगरी. काय करणार?"

आम्ही तीन रस्ते ठरवले होते: पोहायचं, दोर फेकायचा किंवा मगरीशी लढायचं. काकू म्हणाली, "हाक मारते."

"कुणाला?"

"आत एवढा मोठा किल्ला आहे, तर सैपाक करणारी बाई असंल ना? तिला हाक मारते. म्हणते, बाई, लांबून आलोय, दार उघडा."

"आगं, दुश्मनाचा किल्ला आहे त्यो!" काका म्हणाले.

"दुश्मन जेवत न्हाई का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. नियमांच्या पानावर हाक मारायची नाही असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. काकांनी पान दोनदा वाचलं. "बराबर आहे," ते शेवटी म्हणाले. "बसतं नियमात. हां, यंत्र, बोल आता."

 मी तेरा वर्षांची होते, आणि दोन मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. पण मला भीती वाटली नाही. मी डोळे मिटले आणि सांगत गेले. भिंतीतली एक खिडकी उघडते. आचारीण बाहेर डोकावते. इतक्या वर्षांत लढायलाच सगळे आले, हाक कुणी मारली नाही, असं म्हणते आणि मागचा छोटा पूल खाली सोडते. राजा जेवायला बसला आहे. मुकुट जड म्हणून त्यानं काढून बाजूला ठेवलाय, आणि त्याची सगळी जादू त्या मुकुटातच आहे.

"उचलते," काकू म्हणाली, "आन् खंदकात टाकते."

कवड्या पडल्या. सहाच्या सहा उताण्या. काका बाजेवरच इतके उसळले की प्लास्टरचा पाय भिंतीला आपटला.

"पण पाव्हण्याचं काय?" त्यांचा मुद्दा त्यांनी सोडला नव्हता. "शेवट पायजे."

त्यांनी कवड्या गोळा करून उशाशी ठेवल्या. मग तेच म्हणाले, "त्यानं आता घर बांधावं. लोकाच्या घरात लई शिरला. आता त्याच्याकडं येऊ द्या लोकं." आणि ते मला एकदम पटलं. पाव्हणा मेला नाही, पण पाव्हणा राहिलाही नाही. शेवटच्या कॅलेंडरवर मी एक घर काढलं. काकांनी त्याला ओसरी काढायला लावली.

पुढे मी बी.एस्सी.ला जालन्यात राहायला गेले तेव्हा सायबर कॅफेत मला कळलं की परदेशातली माणसंही त्या चौथ्या भागाची वाट बघत होती. एका पानावर कितीतरी जणांनी आपापला शेवट लिहून ठेवला होता. बहुतेकांत लढाई होती. मी सगळे वाचले, आणि आमचा सगळ्यांत चांगला आहे याबद्दल मला तिळमात्र शंका राहिली नाही. चार शनिवार बसून मी तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून टाकला. पंधरा दिवसांनी खाली एकानं लिहिलं होतं, "मी हा खेळ वीस वेळा संपवलाय. हे मला कधीच सुचलं नसतं."

मी त्या पानाची प्रिंट काढली आणि रविवारी गावी जाऊन काकूला मराठीत वाचून दाखवली. ती पाखडायला घेतलेली तूर बाजूला ठेवून पूर्ण ऐकत होती.

"कोण आहे गं त्यो?"

"माहीत नाही. लांबचा कुणीतरी."

"वीस बार खेळला म्हणं," ती काकांना म्हणाली, आणि सूप परत पुढ्यात ओढून हसत तूर पाखडायला लागली.