कोरड्या आठवड्यात भरलेली बाटली

भानामतीची बातमी पेपरात आली की ती वर्गात नेऊन मुलांसमोर तिची चिरफाड करणारी बाई आहे मी. एकोणीस वर्षं विज्ञान शिकवतेय. त्यामुळे हे इथं लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण मनात ठेवणंही आता जमत नाही. नावं बदलली आहेत. गाव सांगत नाही — नायगाव तालुक्यात, नांदेडहून बसनं तासाभरावर, एवढं पुरे.

शाळा गावाबाहेर माळावर. खाली ओढा आणि ओढ्याच्या काठाला एक वस्ती. शाळेच्या आवारात तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक बसवलेलं आहे. साधंच — एक नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रानं मोजायचं, वहीत लिहायचं. हे काम मी आणि आमचे शिपाई भीमराव मामा करायचो. मामा त्या वस्तीतलेच. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली, बोलणं कमी.

ऑगस्ट होता, पण पंधरा-वीस दिवस थेंब नव्हता. सोयाबीननं माना टाकलेल्या, ऊन मे महिन्यासारखं. मंगळवारी सकाळी मामांनी नरसाळं उचललं आणि तसेच उभे राहिले.

"मॅडम, हिकडं या जरा."

बाटली गळ्यापर्यंत भरलेली. पायाखाली जमीन कोरडी ठणठणीत. नरसाळ्याच्या भोकावर कोळ्यानं जाळं विणलेलं, तेसुद्धा शाबूत.

"कुणी ओतलं हे?" मी जरा चिडूनच विचारलं.

"गेटला कुलूप व्हतं मॅडम. आन् ओतलं तर जाळं राहील का?"

मोजलं. तीन मोजपात्रं काठोकाठ आणि चौथं अर्ध्याला थोडं कमी. वहीत मी शून्य लिहिलं. पाऊस पडलाच नाही तर काय लिहिणार?

बुधवारी पुन्हा तेच. तेवढंच पाणी, अगदी त्याच रेघेपर्यंत. त्या संध्याकाळी मी स्वतः नरसाळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी सुतळीनं आवळून बांधली. गुरुवारी सकाळी पिशवी कोरडी, गाठ माझीच... आणि बाटली भरलेली. तेवढीच.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत रिकाम्या बाटलीवर नरसाळं पुन्हा बसवून आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. आभाळात ढगाचा तुकडा नाही. आणि आत आवाज सुरू झाला. टप... टप... मग धार लागल्यासारखा.

मामा हळूच म्हणाले, "मॅडम, ओढ्याला पाणी येऊन राहिलंय. ह्ये आपल्याला सांगून राहिलंय."

"मामा, पाणी काही सांगत नसतं."

मामांनी कुंपणाचं दार लावून घेतलं. दुपारी अर्धी रजा टाकली, सुनेला आणि नातवंडांना उमरीला बहिणीकडं पोचवून आले, आणि वस्तीत घरोघर फिरले. लोक हसले. तरी पाच-सहा घरं ऐकायला तयार झाली.

संध्याकाळी मी बसची वाट बघत थांबले होते. वस्तीतल्या शेवटच्या घरातली चंद्रकलाबाई आली. तिचा नवरा अर्धांगवायूनं दोन वर्षं खाटेवर.

"मॅडम, भीमराव म्हनतो घर सोडा. ह्यांना हलवायचं म्हंजी चार मानसं लागत्यात, लई हाल व्हतात. तुम्ही शिकल्याल्या हाव. तुम्ही सांगा, निघू का?"

मी मोबाईल काढून अंदाज बघितला. हलक्या सरी, तुरळक ठिकाणी. तिला स्क्रीन दाखवली आणि म्हणाले, "काही होत नाही. खामखा त्यांना त्रास देऊ नका."

"बरं झालं इचारलं," म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास उजेडच गेला. वारा नाही, गडगडाट नाही, नुसतं पाणी. पत्र्यावर असा आवाज की शेजारच्या पोराचं बोलणं ऐकू येईना. दीड तासात ओढा वस्तीत शिरला. मामांनी सकाळपासून आणून बसवलेली माणसं शाळेच्या वर्गात होती, बाकीची पोरं-बाया धावत वर आली. चंद्रकलाबाई तेवढी आली नाही.

ती दारात कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. मामा दोर बांधून उतरले, दोनदा वाहता वाहता वाचले. ती हातानं "येऊ नका" म्हणत होती, मग मागं वळून आत गेली. नवऱ्याकडं. थोड्या वेळानं मातीची भिंत बसली. आम्ही सगळे माळावरून बघत होतो. दोघं दुसऱ्या दिवशी खालच्या उसात सापडले.

त्या शनिवारी सकाळी साडेआठला मामांनी बाटली काढली. मोजलंही त्यांनीच. तीन मोजपात्रं काठोकाठ, चौथं अर्ध्याला थोडं कमी.

माझे मेहुणे विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. त्यांना सगळं सांगितलं. दव, गळती, कुणाचा तरी चावटपणा — एकेक कारण त्यांनी काढलं आणि पिशवीची गाठ, जाळं ऐकल्यावर स्वतःच सोडून दिलं. पाऊस तसा का पडला याचं उत्तर आहे. तापलेली हवा जास्त वाफ धरून ठेवते, मोठे खंड पडतात, मग एकाच जागी सगळं कोसळतं. हे मीच शिकवते. पण तोच पाऊस तीन दिवस आधी बाटलीत कसा आला, हे मला माहीत नाही. वहीत त्या तीन दिवसांपुढं अजून माझ्या अक्षरात शून्य आहे.

दोघांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, चंद्रकलाबाईची मुलगी लातूरहून आली होती. गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आली.

"आई तुम्हाला इचारायला आली व्हती म्हनं आदल्या दिवशी. काय म्हनलात तुम्ही तिला?"

मामा बाजूला चहाचे कप गोळा करत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"मॅडमनं लई समजावलं गं तिला," ते म्हणाले. "तिनंच ऐकलं न्हाई."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. आणि मी मान हलवली.