युरोपची तालीम, व्हाया टेंभी नाका

मे महिन्यातला पहिला शनिवार. आजचं काम : युरोपला जाऊन संध्याकाळपर्यंत परत येणे.

खऱ्या युरोपला आम्ही दोन आठवड्यांनी निघणार होतो. पण आधी तपासून न घेतलेल्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास नाही. जाऊन आलेल्यांशी बोलून मला एवढं नक्की कळलं होतं, की तिथे माणूस बघतो कमी आणि चालतो जास्त. दगडी रस्ते, बिनलिफ्टची हॉटेलं, स्टेशनांवरचे जिने, आणि ज्याची बॅग त्यानेच ओढायची. तेव्हा आधी रंगीत तालीम! भरलेल्या बॅगा घेऊन सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरायचं, घोडबंदर रोडवरून बस पकडून ठाण्यातल्याच टेंभी नाक्याला जायचं, तलावपाळीला तलावाभोवती चक्कर मारायची आणि परत यायचं.

"आणि जो मागे पडेल," मी जेवताना जाहीर केलं, "त्याने युरोपला यायचं नाही. तिकडे जाऊन खोळंबा नको."

बोलताना मी सगळ्यांकडे सारखंच बघत होते. तरी माझा नवरा विनय आणि मुलगी सई, दोघांनीही लगेच माझ्या सासूबाईंकडे पाहिलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. (नियम त्यांच्यासाठीच होता, हे वेगळं सांगायला नको.)

"मला एकदा फ्रीजबाहेरचा बर्फ हातात घ्यायचाय," आई ताक पीत म्हणाल्या. "कधी निघायचं?"

दुपारचा चहा झाल्यावर मी सगळ्यांना थर्मल आणि वर जाड जॅकेट घालायला लावलं.

"सुनंदा, बाहेर मे महिना आहे!" विनय ओरडला.

"जड कपडे अंगावर घातले की बॅगेचं वजन वाचतं."

(ही टीप अगदी उपयोगी आहे. फक्त ठाण्यात वापरू नका.)

"मी विमानात बसले की घालेन," असं म्हणून आईंनी आपलं जॅकेट बॅगेत टाकलं आणि सुती साडीचा पदर खोचला. मी मनातल्या मनात त्यांचा एक मार्क कापला.

जिन्यात बॅगा आपटत आम्ही सहाव्या मजल्यावर आलो आणि दार उघडून पाटणकर काकू बाहेर आल्या.

"अगं बाई! आजच निघालात? सांगायचंस तरी!"

"नाही काकू, आम्ही फक्त..."

"थांब! असं नाही जायचं!" काकू आत पळाल्या आणि वाटी घेऊन आल्या. मी पुन्हा तोंड उघडलं, पण हातावर दही पडलं होतं. दही हातात असताना माणूस खुलासा करत नाही, दही खातो. माझं चाटून होईपर्यंत काकू सईला देऊन मोकळ्या झाल्या होत्या आणि आमच्या चौघांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला होता. खाली 'शुभ यात्रा' असं लिहून!

गेटपाशी पोचलो तर हा जमाव! कोणी कुंकू लावतंय, कोणी चॉकलेटं आणायला सांगतंय. देशमुख काकांनी चकल्यांचा डबा माझ्या काखेत खुपसला.

"भाचा म्युनिकला असतो. त्याला द्या."

"काका, आम्ही पॅरिस आणि स्वित्झर्लंडला..."

"जवळच असेल ते!"

"सुनंदा, मी सांगते यांना काय ते," आई कुजबुजल्या.

"आई, प्लीज, गप्प राहा!" आता या जॅकेटात उभं राहून 'आम्ही टेंभी नाक्याला चाललोय' असं कुठल्या तोंडाने सांगणार?

"गाडी कुठाय तुमची?" सेक्रेटरींनी विचारलं.

"पु... पुढच्या कोपऱ्यावर!" विनय लग्नानंतर प्रथमच इतक्या पटकन खोटं बोलला. सगळे हात हलवत होते. आता मागे वळणं शक्यच नव्हतं.

दगडी रस्त्यांचा सराव मात्र उत्तम झाला. सर्व्हिस रोड अर्धा उकरलेला आणि उरलेल्यावर पेव्हर ब्लॉक वरखाली. बस स्टॉप दिसायच्या आत माझ्या बॅगेचं एक चाक गटाराच्या झाकणात राहिलं. (टीप : चार चाकांची बॅग घ्या. एक गेलं तरी तीन उरतात. माझी दोन चाकांची होती.)

बसमध्ये कंडक्टरने आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कुठे?"

"टेंभी नाका. चार."

"मॅडम, तिकडे बर्फ पडायला लागलाय का?"

अख्खी बस हसली. सईने चेहरा जॅकेटच्या टोपीत लपवला.

तलावपाळीला अर्धी चक्कर होईपर्यंत माझ्या थर्मलमधून घामाच्या धारा वाहत होत्या. आणखी चार पावलं टाकली आणि तलाव स्वतःच माझ्याभोवती चक्कर मारायला लागला! मी बाकड्यावर कोसळले. डोळे उघडले तेव्हा विनय माझं जॅकेट ओढून काढत होता, सई वारा घालत होती आणि आई माझ्यासाठी उसाचा रस घेऊन उभ्या होत्या.

"हिला काहीतरी खायला द्या रे, दह्यावर निघालीय," असं म्हणून त्यांनी म्युनिकचा डबा उघडला. चकल्या खुसखुशीत होत्या. निम्म्या मीच संपवल्या.

नंतर आईंनी राहिलेली चक्कर पूर्ण केली. एका हातात त्यांची बॅग, दुसऱ्या हाताने माझी एकचाकी बॅग फरफटत!

"आजी, गुडघा?" सईने विचारलं.

"तो घरी बसलं की दुखतो."

रिक्षा करून परतलो, तर गेटपाशी सगळी मंडळी संध्याकाळच्या गप्पांना बसलेली. पाटणकर काकू ताडकन उठल्या.

"अगंबाई, पासपोर्ट विसरलात का?"

"विमान लेट..." विनयने सुरुवात केली.

"कसलं विमान!" आई रिक्षातून उतरत म्हणाल्या. "टेंभी नाक्याला गेलो होतो. सुनेने परीक्षा ठेवली होती. तीच नापास झाली. देशमुख, चकल्या झकास होत्या हो, भाच्यासाठी दुसऱ्या करायला सांगा."

गेटपासून लिफ्टपर्यंत हसण्याचा आवाज येत होता. लिफ्टमध्ये सईने सातचं बटण दाबलं. नियम मीच केला होता, आणि तो घरातल्या सगळ्यांनी ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आल्याचा चहा करून आईंच्या खोलीत गेले.

"आई, मी येऊ ना युरोपला?"

त्यांनी दोन घोट होईपर्यंत मला उभं ठेवलं.

"ये. पण आता आमच्या पाठोपाठ यायचं. पुढे पुढे नाही."

मी मुकाट्याने फोन काढला आणि सहलीच्या फॅमिली ग्रुपचं ॲडमिनपद त्यांना देऊन टाकलं. कप रिकामा व्हायच्या आत त्यांची पहिली सूचना आली : 'सुनंदाचा हात गर्दीत सईने धरावा.'