हळूचा डबल

बाळांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं हसत सांगत होतात, की निलंग्याच्या आत्यानं तुम्हाला एक गंमत सांगितली: मोठी आजी पत्त्यांत लबाडी करायची, म्हणून लातूरच्या स्पर्धेत पंचांनी तिला पकडलं. मी नुसतं "हं" म्हणाले आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. तुम्ही आता कॉलेजात ब्रिज शिकताय, त्यामुळे पुढचं तुम्हाला समजेल. लबाडी झाली होती. ती कोणाची, ते लिहून ठेवते.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणते. थोरले दीर आणि ती हदगावचं शेत वाट्यानं देऊन नांदेडला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा तुमच्या आजोबांना ब्रिजचा चौथा गडी मिळाला. आक्काला लिहिता-वाचता येत नाही. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, म्हणून तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते लवकर उरकलं, नीट केलं नाही.

ब्रिजमध्ये समोरच्या जोडीच्या बोलीवर डबल दोन कामांसाठी देतात. एक म्हणजे, समोरचे बोललेत तेवढे हात करू शकणार नाहीत, बुडणार, असं सांगायला. दुसरं, जोडीदारानं पहिली उतारी कोणत्या रंगाची करावी ते सुचवायला. समोरचे तीन नो ट्रम्पवर, म्हणजे हुकमाशिवाय नऊ हातांच्या बोलीवर, थांबले आणि ज्याची उतारी नाही त्यानं डबल दिला, तर जोडीदारानं डमीनं, म्हणजे पत्ते उघडे मांडणाऱ्या गड्यानं, आधी बोललेला रंग उतरायचा. हे बोलीवरून ओळखायचं असतं. आक्काला ते समजावायला एक दुपार पुरली असती. मी तिला सोपं करून दिलं. मी ठसक्यात "डबल!" म्हटलं, तर तिनं आपला लांब रंग, ज्याचे पत्ते जास्त तो, उतरायचा. मी हळू, ओढून "डब्बल" म्हटलं, तर डमीचा.

आवाजानं खूण करणं नियमात बसत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आक्काला माहीत नव्हतं. तिला वाटलं, ब्रिज असाच खेळतात.

आणि ती खेळायला लागली. बावन्न पत्ते तिच्या डोक्यात शेतातल्या पिकाच्या तासांसारखे ओळीनं उभे राहायचे. दोघे भाऊ, तुमचे आजोबा आणि थोरले दीर, वर्षभराच्या अंतरानं वारले. त्यानंतर आम्ही दोघी नांदेडच्या ब्रिज क्लबात जोडीनं बसायला लागलो. वर्षभरात आम्हाला हरवणारं कुणी उरलं नाही. तिथले एक वयस्क डॉक्टर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "या जोडीत डोकं थोरल्या बाईंचं आणि इंग्रजी धाकट्या बाईंचं." सगळे हसले. आक्काही हसली, तोंडावर पदर धरून. मी घरी येऊन भाकरी थापली. त्यानंतर तिची चूक निघाली, की मी ती चारचौघांत सांगायची. चुका फार निघत नसत.

लातूरच्या स्पर्धेचं पत्र आलं, तेव्हा आक्का हरखली. तिची लेक, तुमची आत्या, निलंग्याला शाळेत शिकवते. सासरी तिला "अंगठेवालीची लेक" म्हणून टोचायचे. त्यामुळे शाळेच्या कार्यक्रमाला तिनं आईला कधी बोलावलं नव्हतं. आक्कानं तिला फोन केला. "लातूरला ये. यष्टीनं तासा-दीड तासाचं तर हाय. आई काय करती ते एकदा बघ तरी." लेक येते म्हणाली. आक्कानं त्या दिवसासाठी नवी इरकल साडी घेतली.

स्पर्धेत बोली तोंडानं लावत नाहीत. प्रत्येकापुढे बोलीच्या पत्त्यांची पेटी असते, तिच्यातला पत्ता काढून मुकाट्यानं ठेवायचा. हे मला पत्रावरून कळलं होतं. आक्काला मी ते नांदेडहून निघाल्यावर बसमध्ये सांगितलं. फोनवर फोटो दाखवले. तिनं चित्रं आणि आकडे अहमदपूर यायच्या आत पाठ केले. मग फोटोतल्या डबलच्या लाल पत्त्यावर बोट ठेवून म्हणाली, "धाकले, ह्यात हळूचा लाल कोणता आन् मोठ्याचा कोणता?"

मी म्हणाले, "एकच आहे."

"मग मला कळावं कसं?"

एका वाक्याचं काम होतं. तीन नो ट्रम्पवर माझा डबल आला, तर डमीचा रंग उतरा. वाटेत दीड तास होता. मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बसल्यावर कळेल." ती लाल पत्त्याकडे बघत राहिली.

लातूरला आत्या वेळेवर आली होती. आईच्या खुर्चीमागे उभी राहिली. पहिले काही डाव आक्कानं असे खेळले, की शेजारच्या टेबलावरचे लोक मान वळवून बघायला लागले. आत्यानं फोन काढून आईचा फोटो घेतला.

मग तो डाव आला. डमी होणाऱ्या बाईनं चौकट बोलली होती, आणि ते तीन नो ट्रम्पवर थांबले. माझ्याकडे चौकटचे राजा, राणी, गुलाम, दहा, शिवाय एक लहान आणि दुसऱ्या रंगाचा एक एक्का होता. आक्कानं चौकट उतरली असती, तर ते नक्की बुडत होते. मी लाल पत्ता ठेवला. आक्कानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. जोडीदाराला खूण करू नये असा नियम आहे. मी नियम पाळला. डोळे खाली ठेवले. ती बराच वेळ थांबली आणि शेवटी तिनं आपला लांब रंग, बदाम, उतरला. समोरच्यांनी नऊ हात केले, आणि डबलमुळे त्यांना गुणही वाढून मिळाले.

आमच्या विरुद्ध बसलेले गृहस्थ सभ्य होते. त्यांनी सहज विचारलं, "बाई, डबलचं तुमचं काय ठरलंय?"

आक्का खरं बोलली. "ते आवाजावर असतंय. हळू म्हटलं तर येगळं, मोठ्यानं म्हटलं तर येगळं. आज आवाजच न्हाई तर मी काय करू?"

टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. गृहस्थांनी पंचांना बोलावलं. पंचांनी मला विचारलं, "हे खरं का? तुम्ही आवाजानं खुणा करता?"

आक्का माझ्याकडे बघत होती. मी "हो" म्हणेन याबद्दल तिला शंकाच नव्हती.

मी म्हणाले, "मी असलं काही शिकवलेलं नाही. त्या मनानंच काहीतरी धरून बसतात. शिकलेल्या नाहीत." शेवटचं वाक्य मी इंग्रजीतही म्हणाले. ते आत्याला समजलं, आक्काला नाही.

"आई, ऊठ," आत्या म्हणाली. "लई झाली शोभा."

आक्का उठली. पत्ते तिनं चौकोनी नीट जुळवून टेबलावर पालथे ठेवले. आत्यानं तिला स्टॅंडवर सोडलं आणि तिथूनच निलंग्याची बस धरली.

परतीच्या बसमध्ये आक्का माझ्याच शेजारी बसली. चाकूर मागे पडल्यावर तिनं विचारलं, "धाकले, आपण घरी असतो तर तू ते हळू म्हणली असतीस का मोठ्यानं?"

"हळू," मी म्हणाले.

"हाव. मग मी चौकटच उतरली असती." एवढं बोलून तिनं डोळे मिटले. तिनं मला दुसरं काहीच विचारलं नाही, आजपर्यंत नाही.

महिनाभरानं ती हदगावला राहायला गेली. मी आत्याला खरं सांगायला दोनदा फोन उचलला आणि दोन्ही वेळा तिच्या मुलांच्या परीक्षांचं विचारून ठेवला. क्लबात मला नवी जोडीदार मिळाली. तिला नियम येतात. आम्ही बहुतेक हरतो.

आक्का हदगावला आहे. तब्येत बरी आहे, स्वयंपाक स्वतः करते. मी गेले की चहा देते, पत्त्यांना हात लावत नाही. दिवाळीला मी सहज विचारलं, तर तो लातूरचा डाव तिनं चौघांच्या पत्त्यांसकट, एकही न चुकता सांगितला.