चाचांना ओपनिंगला जायचं होतं

"येतो हां, सांभाळून खेळ!"

चेंडू टाकण्याआधी चाचा फलंदाजाला हे मोठ्यानं सांगत. त्यात डिवचणं नसे, खरीच काळजी असे. मग सहा पावलं धावत येऊन ते त्याच फलंदाजाचा त्रिफळा उडवत.

सगळे त्यांना चाचाच म्हणत. मूळचे दापोलीकडचे. कुवेतला, अहमदी गावात, एका कंत्राटदाराकडे एसी दुरुस्त करायचे. आता ते गावी परतलेत, पण मी सांगतोय तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. कुवेतमधल्या आम्हा भारतीयांचे सामने शुक्रवारी सकाळी होत. वाळूचं मैदान, मधे अंथरलेलं मॅटिंग. त्यावर त्यांच्याइतका सरळ चेंडू टाकणारा मी दुसरा पाहिला नाही.

बॅटिंगचं मात्र विचारू नका. कुठल्याच कप्तानानं त्यांना अकराव्या नंबराच्या वर पाठवलं नव्हतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पॅड बांधून बसतात आणि बहुतेक वेळा बसूनच राहतात.

कंत्राटदाराच्या क्रिकेट टीमशी त्यांचा दोन मोसम खेळण्याचा लेखी करार होता. तिसरं वर्ष चाचांच्या मर्जीवर. राहायचं तर गुरुवारपर्यंत सही करायची, नाहीतर मोकळे. इथं जागा पक्की होती, न्यायला व्हॅन दारात येत होती. त्या वयात मोकळं होणं म्हणजे घरी बसायची तयारी. इथंच वाढलेली त्यांची मुलगीसुद्धा म्हणाली, "पपा, जस्ट साइन इट!"

चाचांनी सही केली नाही.

चार दिवस दुसऱ्या कुठल्याच टीमचा फोन आला नाही. चाचा अहमदीजवळच्या मंगफ भागात माझ्या शेजारच्या इमारतीत राहायचे. रोज संध्याकाळी गाठून विचारायचे, "माजा नंबर लागतो ना रे?" मी फोन लावून दाखवायचो. खिशात घंटी वाजली की त्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

पाचव्या दिवशी मात्र दोन चांगल्या टीमनी एकापाठोपाठ जेवायला बोलावलं. चाचांचा दोन्हीकडे एकच प्रश्न: "बॅटिंगला कितवा?"

"चाचा, तुम्हाला बॅट हातात धरावीच लागणार नाही!" दोन्ही कप्तान कौतुकानं म्हणाले. चाचांनी दोन्हीकडे पोटभर बिर्याणी खाल्ली आणि दोन्हीकडे नाही म्हणून आले.

तिथून ते थेट माझ्या दारात. मी अकाउंटंट लोकांच्या टीमचा कप्तान. लीगमध्ये आमची जागा शेवटून पहिली.

"तुज्या टीममंदी येतो," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "पन ओपनिंगला जानार."

"चाचा, नवा बॉल असतो. लागेल कुठं तरी."

"लागू दे. एकदा पयलं जाऊन बगायचं हाय."

टीममधले वैतागले. "अरे, हरू ना आपण!" मी म्हटलं, "एरवी काय करतो?"

तो पहिला सामना आम्ही हरलो, हे आत्ताच सांगून टाकतो. पण काय सकाळ होती! चाची आणि मुलगी छत्री घेऊन आल्या होत्या. चाचांचे पॅड कोरे करकरीत. पहिला चेंडू त्यांना दिसलाच नाही. दुसरा मांडीवर बसला. तिसरा बॅटची कड घेऊन स्लिपच्या डोक्यावरून सीमेपार गेला. अंपायरनं चौकाराची खूण केली तोवर चाचांच्या तीन धावा पळून झाल्या होत्या. त्यांच्या नऊ धावा झाल्या आणि मधली दांडी उडाली.

एरवी ते बाद झाले की डावच संपायचा आणि जो तो आपापल्या पिशव्या भरायला धावायचा. त्या दिवशी खेळ चालू राहणार होता. सगळी माणसं जागच्या जागी होती, त्यांच्याकडेच बघत होती. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. समोरच्या टीमनंही वाजवल्या. मुलगी छत्री टाकून "पपा! पपा!" ओरडत होती. चाचा इतके सावकाश येत होते की शेवटी अंपायरनं हाक मारली, "चाचा, ज़रा जल्दी!"

चाचांनी त्याला बॅट उंचावून दाखवली आणि आपल्याच चालीनं येत राहिले.