आगमनाचा रकाना

पोपटकाकांनी एकतीस वर्षं खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलरच्या खिडकीत काढली. गाडी सुटली की नोंद, गाडी आली की नोंद. ड्रायव्हरने आत येऊन सांगितलं तरी ते आधी बाहेर जाऊन गाडी बघायचे आणि मगच आगमनाच्या रकान्यात वेळ टाकायचे.

"पोरं मला संशयी पोपट म्हणायची," ते सांगतात. "म्हणू देत. न बघता आगमन लिहिणं म्हणजे खोटी साक्ष."

आता ते विमानांची नोंद ठेवतात. डोंबिवलीत आमच्या समोरचाच फ्लॅट. गच्चीवरच्या टाकीला बांधलेली बोटभर तांब्याची तार, तिथून खिडकीतून आत घेतलेली केबल आणि टीव्हीशेजारी एक छोटा रिसीव्हर. आकाशातलं प्रत्येक विमान आपला कोड, उंची आणि वेग रेडिओवरून सतत सांगत असतं. ते ऐकायला एवढं सामान पुरतं. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्समधलं, म्हणून बसवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, रिटायर्ड माणसाचा विरंगुळा.

चौथ्या दिवशी त्यांनी घडीवर फाटत आलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"रुचिता, यावर फ्लाइटचा नंबर आहे. पण फेरी रोज तीच असते गं, गाडी बदलते. त्या दिवशी गाडी कुठली होती?"

तो कागद साईनाथच्या शवपेटीसोबत आलेला होता. साईनाथ हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मस्कतला साइटवर सुपरवायझर होता. तीन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत बसल्या जागी कोसळला, तो उठलाच नाही.

माझ्यासारख्या हौशी लोकांनी जपून ठेवलेल्या जुन्या नोंदी इंटरनेटवर असतात. दोन दिवस शोधल्यावर त्या दिवशीच्या विमानाचा कोड सापडला. शेवटची अक्षरं सी-तीन-बी. काकांनी कोड डेपोच्या पद्धतीने रेघा मारलेल्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर, त्या तारखेपुढे लिहिला आणि मग त्या दिवसाबद्दल बोलले.

पेटी सकाळी येणार होती. मेहुणा कल्याणहून परस्पर गेला, काका डोंबिवलीहून निघाले. विमानतळ त्यांनी आधी कधी पाहिला नव्हता. आलेली माणसं जिथून बाहेर पडतात, त्या दारासमोर जाऊन ते उभे राहिले. हार घेऊन आलेले लोक, ट्रॉल्या, रडणारी-हसणारी माणसं. पेटी मालाच्या गेटने बाहेर येते हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांना विचारावंसंही वाटलं नाही. फोन घरी चार्जिंगला राहिलेला. ते पाच तास तिथे उभे होते. तोवर मेहुणा पेटी घेऊन घरी गेला.

"मी त्याला घ्यायला गेलो," काका म्हणाले, "आणि तो माझ्याआधी घरी पोचला."

तेव्हापासून हॉलमध्ये एक वेगळीच शिस्त सुरू झाली. सी-तीन-बी आठवड्यातून दोनतीनदा संध्याकाळी यायचं. शीळफाट्याच्या बाजूला वळून पश्चिमेकडे उतरू लागायचं. ते टीव्हीच्या पडद्यावर दिसलं की रखमाकाकू गॅस बंद करायच्या, कुकरची शिट्टी नको म्हणून. काका उठून उभे राहायचे. खिडकीतून आवाज यायचा, जेमतेम. मग विमान पारसिकच्या डोंगराआड जायचं आणि सिग्नल तुटायचा. शेवटचा आकडा नेहमी हवेतलाच असायचा. उतरलेलं ते विमान आमच्या रिसीव्हरला कधीच दिसलं नाही.

रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, उंची, वेग. आगमनाचा रकाना कोरा. अशा एकशे अठ्ठ्याऐंशी नोंदी.

"काका, उतरलंच असणार ना. लिहा की."

"तू बघितलंस?"



मागच्या दिवाळीनंतर सी-तीन-बी यायचं बंद झालं. काका रोज पाचला खुर्चीत बसायचे. सात महिने. मी चौकशी केली, तर विमान करार संपून परदेशात गेलेलं. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "जाऊ दे. नंबर तर तोच आहे ना, कधीतरी येईल." रात्रीचं जेवण त्यांनी जवळपास सोडलं. काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अगं, झोपेत पण शीळफाटा, पारसिक करतात. मला वाटतं पोरगं अजून वर फिरतंय आणि हे त्याला खाली येऊ देत नाहीत."

जूनमधल्या एका संध्याकाळी काकूंनी आमची बेल दाबून धरली. मी धावत गेले. पडद्यावर तीच अक्षरं होती. सी-तीन-बी.

काका उभे होते, पण हातात घड्याळ. काकूंनी गॅस बंद केला.

"आलं का?" त्यांनी विचारलं.

ठिपका शीळफाट्यावरून पुढे सरकत राहिला. सिग्नल तुटला तेव्हा त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं.

"शीळफाटा ते पारसिक ती सत्तर सेकंदांत जायची. हिला नव्वद लागले. चाल वेगळी आहे. ही ती गाडी नाही."

मी तो कोड इंटरनेटवर पाहिला. पंख्याचं छोटं विमान होतं. खरं सांगणं भाग होतं. जुनं विमान आपल्या देशाच्या नोंदणीतून काढलं की त्याचा कोड दुसऱ्याला देता येतो.

"एसटीत गाडी मोडीत निघाली की नंबर तिच्याबरोबर जातो," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्याला चिकटवत नाहीत." मग खुर्चीत बसले. "म्हणजे आता कधीच नाही. मला दिसायचं राहिलं ते राहिलं."

काकू दारातून पुढे आल्या.

"अहो, तुमच्या डेपोत तुम्ही जेवायला गेलात आणि तेवढ्यात गाडी आली तर?"

"जोडीदार बघतो. तो सांगतो ती वेळ लिहायची."

"मग मला कधी विचारलंत?" काकूंचा आवाज चढला. "तीन वर्षं! मी खिडकीत उभी होते. गाडी सोसायटीच्या गेटातून वळली तेव्हा पावणेबारा झाले होते. खालच्यांनी स्कूटर बाजूला घेतली. पेटी चौघांनी उचलली. एक जण डावखुरा होता, त्याला जिन्यात वळता येईना. मी पुढे होऊन पेटीला हात लावला आणि म्हटलं, आलास बाळा. मी होते ना इथे!"

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग रजिस्टरचं पहिलं पान उघडलं. पेनाची निब कागदावर टेकली आणि तिथेच थांबली.

"पावणेबारा," काकू म्हणाल्या. "नक्की."

त्यांनी लिहिलं. शेजारी काकूंनी सही केली, 'रखमा' एवढीच.

रिसीव्हर अजून चालू आहे. नवं सी-तीन-बी संध्याकाळी येतं. काका त्याची नोंद करत नाहीत. पण कुकर गॅसवर असला तर काकू अजूनही तो बंद करतात आणि नव्वद सेकंद त्या घरात कोणी बोलत नाही.