वायरीचा झोल

डिशची वायर खिडकीतून आत येण्याआधी थोडी खाली लोंबते. दुकानातून मीच निवडून आणली, काळी आणि जाड. साधी वायर उन्हात तडकते, मग पाणी शिरून चित्र जातं.

बसवणारा म्हणाला, "ताई, सरळ आत घेतली तर पावसाचं पाणी तिच्यावरून घरात येतं. असा झोल दिला की बाहेरच गळून जातं."

खाटेवरून बाबा म्हणाले, "एवढी भारीतली कशाला? मी किती दिवस बघणार?"

"दहा वर्षं टिकते. तुम्हालाच वसूल करायची आहे."

ते हसले.

त्याच सकाळी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, दिवाळीही कठीण आहे. घरात शिरण्याआधी मीही खालच्या पायरीवर थांबले होते, डोळे कोरडे होईपर्यंत.