टेक ओके

मागच्या बुधवारी आदिलाबादला माझ्या हातून एक चूक झाली. मी मामासाठी भाड्यानं ड्रमसेट आणला.

मामा एकेकाळी रॉकचा ड्रमर होता. स्टेजवरचा नाही, स्टुडिओतला. आधी हैदराबाद, मग मद्रास, दिवसाला तीन-तीन रेकॉर्डिंग. गाणं बँडचं, नाव बँडचं, ड्रम मामाचे. एकाही कॅसेटवर त्याचं नाव नाही.

मग हेडफोनमध्ये त्याला कुणीतरी बोलताना ऐकू यायला लागलं. हेडफोन काढला तरी ते बोलणं थांबेना... एकदा त्या आवाजाच्या सांगण्यावरून त्यानं सुमनमावशीच्या डाव्या कानावर लाटणं मारलं. तो कान कायमचा गेला.

मावशी त्याची धाकटी बहीण. मार्केटजवळ तिचं भाजीचं दुकान आहे. त्यानंतरही तिनंच त्याला घरी ठेवून घेतलं. त्याला आता अठरा वर्षं झाली.

आता तिच्या पोटात गाठ निघाली आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेली ऑपरेशनची तारीख तिनं दोनदा पुढं ढकलली, कारण मामा दुसऱ्या कुणाच्या हातून गोळी घेत नाही. गोळी चुकली की तो आवाज परत येतो. म्हणून मी आठवडाभर आधी जाऊन राहिलो, त्याला माझी सवय व्हावी म्हणून.

तीन दिवस त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, ड्रम दिसले तर जरा खुलेल...

मावशी दुकानात गेल्यावर एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाल्याचा सेट ऑटोतून आला. मामानं स्टूल दोन बोटं खाली घेतलं. स्टिकवर स्टिक चार वेळा वाजवली आणि सुरू झाला. पाच मिनिटं. एरवी चहाचा कप धरतानाही त्याचे हात थरथरतात. तेव्हा थरथरत नव्हते.

शेवटचा ठोका पडला आणि तो थांबला. दोन्ही स्टिक हवेत. झांजेचा आवाज विरून गेला तरी तसाच. मी टाळ्या वाजवल्या, तर त्याचा चेहरा काहीतरी दुखल्यासारखा झाला.

अकरा वाजले, बारा वाजले. गोळीची वेळ टळली. पाणी नको, जेवण नको. पायजमा ओला झाला, तरी तो हलला नाही. मी स्टिक काढून घ्यायला गेलो तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं... मला मावशीचा कान आठवला. मी मागे सरलो आणि तिला फोन केला.

मावशी आली. ओरडली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, खोलीत उघडणाऱ्या मधल्या खिडकीच्या काचेमागं उभी राहिली आणि सपाट आवाजात म्हणाली, "ओके. टेक ओके."

मामानं स्टिक खाली ठेवल्या.

एक टेक, म्हणजे एका दमात वाजवलेलं रेकॉर्डिंग, संपला की काचेमागच्या साहेबांचं ओके येईपर्यंत स्टुडिओत कुणी हलत नाही. मावशीनं मद्रासला एकदा ते पाहिलं होतं. मामा आता घरातही असाच अडकतो, जेवताना, आंघोळ करताना. तीन दिवस तिनं मला ते दिसू दिलं नव्हतं. हे आधी का सांगितलं नाहीस, मी विचारलं.

ती पायजमा पिळत होती. "काय सांगू? भाऊ जेवावा म्हनून मी त्याले रोज फसवून राह्यली, हे सांगू?" मग पायजमा दोरीवर टाकून म्हणाली, "आता शिकून घे. मी आली नाई तं..."

सेट संध्याकाळी परत गेला.

दुसऱ्या दिवशी मामा वरणभाताचा घास तोंडाशी धरून थांबला. मावशीनं मला काचेमागं ढकललं. मी ओके म्हणालो, पण आवाज नीट निघाला नाही.

मामानं काचेकडे पाहिलं. "अजून एक घेऊ काय, साहेब?"

इतक्या अदबीनं त्यानं मला कधीच काही विचारलं नव्हतं. मावशीनं कोपरानं ढोसलं. "नको," मी म्हणालो. "चांगला झाला. टेक ओके."

त्यानं घास खाल्ला. नंतर माझ्या हातून गोळीही घेतली. मावशी आमच्याकडे पाठ करून नागपूरची बॅग भरायला लागली.

शनिवारी ती गेली. काल ऑपरेशन झालं, गाठ तपासायला पाठवली आहे. इथं मी दिवसातून चार-पाच वेळा काचेमागं उभा राहतो. आवाज आता जमतो... त्याची लाज वाटते, ती अजून गेलेली नाही.

अठरा वर्षांत मावशीला मात्र कुणी ओके म्हटलेलं नाही. ती परत आली की तिच्या उजव्या कानाशी बसायचं आणि म्हणायचं, एवढं ठरवलं आहे. काच मध्ये न ठेवता.